सड्यावर लाली थांबते तेव्हा

शिकारी कुत्रा म्हटलं की आमच्या मालवणी मुलखात डोळ्यांपुढे येते ती पारध. हाकारे रान उठवताहेत, चार-सहा गावठी कुत्रे डुकराच्या मागे काट्याकुट्यांत घुसताहेत आणि बंदूकवाला पुढे वाटेवर टपून बसलाय. त्या कुत्र्याचं काम धावायचं, भुंकायचं आणि जमलं तर धरायचं. पॉइंटर जातीच्या कुत्र्याचं काम याच्या अगदी उलट. त्याने पक्षी हुडकायचा आणि थांबायचं. भुंकायचं नाही, झेप घ्यायची नाही, पक्ष्याला उठवायचंसुद्धा नाही. मालक जवळ येईपर्यंत जागचं हलायचं नाही.

पशुवैद्य म्हणून माझी सगळी नोकरी सिंधुदुर्गात गेली. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका स्नेह्याने मला पॉइंटरचं मादी पिल्लू दिलं. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके, म्हणून तिचं नाव लाली. बंदूक माझ्याकडे नाही आणि मला ती नकोही आहे. पण लालीबरोबर सड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या कातळी पठारावर, फिरायला लागल्यापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. शिकार कायद्याने बंद झाली हे उत्तम झालं. मात्र त्या शिकारीसाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेलं हे नाक आपण वापरत नाही, हे बरं नाही.

डिसेंबरातल्या सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे हळू वाहतो, करडाच्या गवतावर दव असतं. लांब दोरीला बांधलेली लाली डोकं वर धरून नागमोडी चालते. अचानक तिची चाल मंदावते. मग पुढचा उजवा पाय उचललेलाच राहतो, शेपूट पाठीच्या रेषेत ताठ होते, तोंड मिटतं. हलत असतात त्या फक्त नाकपुड्या. जवळ वाकून पाहिलं तर खालचा ओठ किंचित थरथरताना दिसतो. एकदा कुडोपीच्या सड्यावर गवत कापणाऱ्या एका म्हाताऱ्याने विळा खाली ठेवून विचारलं, "डाक्टरानू, हिका काय जाला? अशी उभी कित्याक रवली?" मी म्हटलं, "तिका वास गावलो." तिच्या नाकाच्या रोखाने आम्ही दोघंही पाहत राहिलो, तरी काही दिसेना. बऱ्याच वेळाने तिथल्याच गवताच्या चुडातून लाव्यांचा थवा एकदम भुर्रकन उडाला आणि म्हातारा दचकून मागे सरला. लाली जागची हलली नाही.

हे थांबणं शिकवून येत नाही, शिकवून पक्कं होतं. सावजावर झेप घेण्याआधी कोल्हा, मांजर, कुत्रा सगळेच क्षणभर थबकतात. पॉइंटर, सेटर या जातींमध्ये माणसाने नेमका तो क्षण निवडला. जो कुत्रा जास्त वेळ थबकतो त्याचीच पुढची वीण घ्यायची, असं करत करत तो क्षण लांबवला. त्यामुळे दोन-तीन महिन्यांचं पिल्लूसुद्धा दोरीला बांधलेल्या पिसापुढे पाय उचलून उभं राहतं. बंदुका सुधारण्याआधी युरोपात असे कुत्रे जाळ्यासाठी वापरत. कुत्रा दबून बसला की त्याच्यासकट पुढच्या तित्तिरांवर जाळं टाकायचं. दोन कुत्रे एकत्र फिरत असले आणि एक थांबला, तर दुसऱ्याला वास आलेला नसतानाही तो पहिल्याकडे पाहून थांबतो. मला या साऱ्या विद्येतली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

नाकाचं म्हणाल तर कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला चीर असते. उच्छ्‌वास त्या चिरेतून बाजूला जातो, त्यामुळे समोरून येणारा वास विस्कटत नाही. गावठी कुत्रा बहुधा जमिनीला नाक लावून माग काढतो, पॉइंटर हवेतला वास पकडतो. म्हणून त्याला वाऱ्याच्या तोंडावर चालवावं लागतं. वारा पाठीमागून असेल तर चांगला कुत्राही पक्ष्याच्या अंगावर जाईल. ऊन चढलं, कातळ तापला की वास वर उठून विरतो आणि कुत्र्याच्या पायाचे तळवेही भाजतात. म्हणून नऊ-साडेनऊनंतर मी लालीला सड्यावर ठेवत नाही.

सगळे पक्षी मात्र या खेळात सापडत नाहीत. धोका वाटला की लावा दबून बसतो. दुर्लावाही तसाच. या दुर्लाव्याचा संसार वेगळाच आहे. मादी मोठी नि रंगाने उठावदार, घुमते तीच, तिचा आवाज लांबून जाणाऱ्या मोटरसायकलीसारखा. अंडी उबवायची आणि पिल्लं वाढवायची ती नराने. भातकापणीनंतर ओलसर मळ्यांत उत्तरेकडून येणारा पाणलावाही चिखलाशी एकरूप होऊन बसतो. याउलट रानकोंबडी आणि चकोत्री या पळणाऱ्या. त्या झाडीतून पायी सटकतात, कुत्रा रिकाम्या जागेकडे रोखून उभा राहतो. म्हणून आमच्या दाट रानात पॉइंटर फारसा चालला नाही, चालला तो हाकाच.

या मुलखातल्या पक्ष्यांची पहिली मोठी नोंदही बंदुकीच्याच काळातली आहे. जी. डब्ल्यू. विडाल हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. त्यांनी १८८० साली दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा आजचा सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. यादी छापली ती अॅलन ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकाने. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते, आणि भारतातल्या शिकारी पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथही त्यांनी मार्शल यांच्यासह काढला. त्या काळी पक्षी मारून, कातडं भरूनच ओळख पक्की केली जाई. आज ते पटणार नाही, पण कुठला पक्षी कुठल्या रानात, कुठल्या महिन्यात, हे ज्ञान शिकाऱ्यांकडून आलं हे मान्य करायला हवं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तरी सुरुवातीला काही पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवाने मिळण्याची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. फासे लावणं, पाठलाग करणं, हुसकावणं, रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, आणि यांचा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. म्हणून लालीची दोरी मी सोडत नाही.

इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. आमच्याकडे शेती संरक्षणासाठी बंदुकीचे परवाने घरोघर आहेत. माकडं आणि डुकरं बागायतीची काय दैना करतात ते मी पाहिलं आहे, त्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. पण पाहुणे येतात आणि यजमानाला कानात विचारतात, "रानकोंबडी मिळेल का?" मग कुणीतरी रात्री बॅटरी घेऊन निघतो. रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे पिवळे ठिपके असतात. त्या पिसांसाठीही एकेकाळी तो मारला गेला, कारण विलायतेत सामन माशाच्या गळाला ती बांधत. पिसांचा तो धंदा बंद झाला, ताटातला अजून नाही. तारेच्या फासक्यात अडकून पाय चिरलेले कुत्रे मी टेबलावर शिवले आहेत. त्याच फासक्यात बिबटेही अडकतात. लावा खायचाच असेल तर पाळलेला जपानी बटेर बाजारात मिळतो. रानातला खाणारा गिऱ्हाईकही गुन्ह्यात सामील आहे, असं माझं मत आहे.

आता मूळ मुद्दा, हे नाक शिकारीशिवाय वापरण्याचा. न्यूझीलंडमध्ये रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाने १८९४ पासून रेझोल्यूशन बेटावर काकापो हे न उडणारे पोपट आणून सोडले. मुंगसासारखे स्टोट हे शिकारी प्राणी मुख्य भूमीवर त्यांना खात होते. हे पोपट शोधायला त्याच्याबरोबर मुसकं बांधलेला कुत्रा असे. पुढे स्टोट पोहत त्या बेटावरही पोचले आणि त्याचं काम वाया गेलं, पण कुत्र्याची युक्ती टिकली. आज तिथलं सरकारी संवर्धन खातं अशा कुत्र्यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतं आणि किवी शोधायला वापरतं. नॉर्वेत दर ऑगस्टमध्ये पॉइंटर, सेटर घेऊन लोक आखलेल्या रेषांवरून चालतात आणि डोंगरी पक्षी मोजतात. स्कॉटलंडच्या माळांवरही गणना अशीच होते. त्या मोजणीवर त्या साली किती शिकार करायची ते ठरतं. आपल्याकडे शिकार नाही, मोजणी तेवढी घेता येईल. वासावर काम करणारे कुत्रे आपल्या वनखात्यालाही नवे नाहीत. ट्रॅफिक या संस्थेने २००८ पासून तयार केलेली श्वानपथकं वाघाची कातडी आणि हाडं हुडकून काढतात. अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजातली माणसं तणमोराच्या रक्षणाच्या कामात उतरली आहेत. ज्यांच्या वाडवडिलांनी फासे लावले, त्यांचीच नजर आता पक्ष्याच्या उपयोगी पडते.

आमच्या सड्यांवर हे काम लवकर व्हायला हवं. कातळावर सुरुंग लावून आंब्यासाठी खड्डे पाडले जाताहेत, चिरेखाणी वाढताहेत, आणि कागदोपत्री सडा म्हणजे पडीक जमीन. गवतात दडलेला लावा दुर्बिणीतून दिसत नाही, तो मोजणीत येत नाही, आणि जो मोजणीत नाही त्याच्यासाठी कोणी खाण थांबवत नाही.

वनखात्याने, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि पक्षिमित्रांनी मिळून एक तरी सडा निवडावा. रीतसर परवानगी घेऊन, दोरीवरचे शिकवलेले कुत्रे नेऊन, दर थंडीत त्याच रेषांवर मोजणी करावी. लाली आणि मी यायला तयार आहोत. आणि तुमच्या घरी कुत्रा असेल तर त्याला सड्यावर मोकळा सोडू नका. रानकोंबडी बहुधा उन्हाळ्यात अंडी घालते, दुर्लावा पावसात, लावा पावसानंतर. तिथे जमिनीवर जवळजवळ बारा महिने कुणाचं ना कुणाचं घरटं असतं.