धंदा खरंच रक्तात असतो का?

होस्टेलवर रात्री बारानंतर ज्या चर्चा रंगतात त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "धंदा रक्तातच असावा लागतो, ते आपल्या मराठी माणसाचं काम नाही!" हे इतक्या ठामपणे म्हटलं जातं की पुढे कोणी बोलतच नाही. सगळे परत ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात डोकं घालतात. पण उद्योजक कोणत्या समाजातून येतात आणि का येतात, यावर संशोधन करणारा एक मोठा अर्थशास्त्रज्ञ आपल्या नाशिकमध्येच जन्मला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

धनंजय रामचंद्र गाडगीळ. जन्म १० एप्रिल १९०१, नाशिक. शाळा नागपूरला, पुढचं शिक्षण केंब्रिजला. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचं 'गाडगीळ सूत्र' त्यांच्याच नावाचं. स्पर्धा परीक्षावाल्यांना बहुतेक तेवढंच माहीत असतं!

१९५९ मध्ये त्यांचा एक छोटा ग्रंथ निघाला, 'ओरिजिन्स ऑफ द मॉडर्न इंडियन बिझनेस क्लास'. अठराव्या शतकापासून कोणत्या प्रांतात व्यापार कोणत्या जातीजमातींच्या हातात होता आणि त्यातून आजचा उद्योजक वर्ग कसा उभा राहिला, याचा त्यात मागोवा आहे. म्हणजे धंदा हा एकट्या माणसाच्या हुशारीचा विषय न धरता समाजाचा विषय धरला.

यात 'रक्त' कुठे येतं? विचार करून पहा. पेढीवर काम करणाऱ्या पोराला हिशेब, मालाची पारख आणि उधारी वसूल करायची रीत फुकटात शिकायला मिळते. मालकाचा विश्वास बसला की स्वतंत्र दुकानासाठी भांडवलही मिळतं. पैसे बुडवले तर सगळ्या जमातीत नाव जातं, म्हणून तारण नसतानाही कर्ज मिळतं. माहिती, उधारी आणि जामीन या तीन गोष्टी ज्याच्या घरात आहेत त्याला आपण 'रक्तातला' म्हणतो. ज्याच्या घरात नाहीत तो शेतकऱ्याचा किंवा कारकुनाचा मुलगा दारातच अडतो. दोष त्याच्या डोक्याचा नसतो.

गाडगीळ नुसतं लिहून थांबले नाहीत, आणि मला तरी ही गोष्ट त्यांच्या पुस्तकापेक्षा मोठी वाटते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यावर ऊस आला, पण साखर कारखाने खाजगी कंपन्यांचे. शेतकऱ्याच्या हातात काय, तर ऊस नाहीतर गूळ! लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेअर गोळा करत होते. गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९५० च्या अखेरीस प्रवरा सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. प्रोफेसर आणि साखर कारखान्याचा चेअरमन, एकाच वेळी! जे जाळं काही जमातींना जन्माने मिळत होतं, ते इथे शेअरच्या कागदावर उभं केलं गेलं.

हे टिकलं कसं, यावर पुढे दोन अभ्यासकांनी चांगलं काम केलं. आपल्या शेजारच्या कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास बी. एस. बाविस्करांनी केला (पुस्तक १९८०). कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातले डोनाल्ड ॲटवूड यांचं 'रेझिंग केन' १९९२ मध्ये आलं. ॲटवूड यांचा मुद्दा इंजिनिअरला लगेच पटेल. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. मशिनरी सीझनभर पूर्ण क्षमतेने चालवायची तर बड्या बागायतदाराचा एकट्याचा ऊस पुरत नाही, छोट्यांचा लागतोच. त्यात मत माणशी एक आणि दर सगळ्यांना सारखा. त्यामुळे मोठ्याला छोट्याला सोडून चालेना. बाविस्करांनी दुसरी बाजूही दाखवली. कारखाना म्हणजे सत्ता, आणि निवडणुकीत गटातटांची झुंज. पुढे कित्येक ठिकाणी चेअरमनपद घराण्यातच फिरू लागलं, हे आपण सगळे पाहतोच. जन्माच्या जाळ्याला पर्याय म्हणून उभं केलेलं जाळंही पुन्हा जन्माचंच व्हायला लागलं, ही यातली खरी अडचण.

तुम्ही म्हणाल, आम्हाला ऊस लावायचा नाही! बरोबर. पत्रकार-अभ्यासक हरीश दामोदरन यांनी २००८ च्या पुस्तकात भारतीय उद्योजकांच्या तीन वाटा सांगितल्या आहेत : बाजारातून कारखान्यात, शेतातून कारखान्यात आणि ऑफिसातून कारखान्यात. आपली तिसरी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, ती नोकरी सोडली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. सातपूर-अंबडच्या गाळ्यांत चक्कर मारा, मोठ्या कंपनीत टूलरूम किंवा क्वालिटीत काही वर्षं काढून स्वतःचं मशीन टाकलेली माणसं तिथेही भेटतील. त्यांची 'पेढी' म्हणजे ती कंपनी. ड्रॉइंग वाचायला तिथेच शिकले, आणि पर्चेसमधला माणूस ओळखीचा झाला तोही तिथेच.

जामिनाचा प्रश्न आता थोडा हलका झालाय. २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी यांनी पतहमी योजना सुरू केली, तिच्यात लघुउद्योगाला तारणाशिवाय बँकेचं कर्ज मिळू शकतं. म्हणजे काकांच्या सहीची जागा सरकारच्या हमीने घेतली. पण पहिली ऑर्डर कोणतीच योजना देत नाही. ती ओळखीतून येते. ज्यांच्या घरात कोणी धंदा केलेला नाही त्यांनी निमा आणि आयमा या आपल्याच गावातल्या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांना शेवटच्या वर्षाच्या आधीच जायला लागावं. व्हिजिटिंग कार्ड नसलं तरी चालतं.