पिकअप घेताय? पेट्रोल की डिझेल, आधी किलोमीटर मोजा

(ही या भागाची लिखित प्रत. बोलताना झालेलं 'म्हणजे', 'बरं का' थोडं कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज गाडीवर बोलू. कार नाही, बाईक नाही. कामाची गाडी. छोटा हत्ती, पिकअप, जे काही तुमच्याकडे म्हणत असतील ते. प्रश्न एकच आहे, पेट्रोल घ्यायची की डिझेल?

घरात विचारलंत तर उत्तर तयार असतं. "डिझेलच घे." वडील म्हणतात, काका म्हणतात, चौकातला फिटर म्हणतो. त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. सरकारने पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये मोकळे केले, पण डिझेलचे दर धरून ठेवले होते. २०१२ च्या आसपास दोघांत लिटरमागे तीस रुपयांच्या घरात फरक होता. मग जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला थोडं थोडं वाढत गेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं. त्यानंतर आपल्याकडे हा फरक बराच कमी झालाय. सल्ला जुनाच राहिला, त्याच्या खालचा हिशेब बदलला.

आधी इंजिनात काय होतं ते दोन मिनिटांत बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल दाबलं जातं आणि स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगी नसतेच. नुसती हवा इतकी दाबतात की ती तापून लाल होते, आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिन हवा साधारण दहा-अकरा पट दाबतं, डिझेल सोळा-अठरा पट. जास्त दाब म्हणजे त्याच इंधनातून जास्त काम. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये मुळातच एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. डिझेलचं ॲव्हरेज चांगलं का, तर हे. पण इतका दाब सोसायचा म्हणजे इंजिन जाड, वजनदार आणि महाग होतं.

आता ओढ. इथे शोरूममध्ये लोक फसतात. मारुतीच्या सुपर कॅरीचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन कागदावर ८० हॉर्सपॉवरच्या आसपास आहे. टाटा इंट्रा व्ही-३० चं १.५ लिटर डिझेल सुमारे ७०. म्हणजे पेट्रोल जास्त ताकदवान? तर नाही. टॉर्क बघा. सुपर कॅरी १०४ न्यूटन मीटर, इंट्रा १४०. आणि बोलेरो पिकअपचं अडीच लिटर डिझेल २००. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, आणि डिझेलला तो अठराशे-दोन हजार आरपीएमवरच मिळतो. पेट्रोलची ती ८० ची ताकद सहा हजार आरपीएमला येते. चढावर पेट्रोल गाडी चढत नाही असं नाही. चढते. पण गिअर खाली टाकून, इंजिन किंचाळत, आणि तेव्हा पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

म्हणून कंपनीचं ॲव्हरेज ऐकून काही ठरवू नका. तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो. तुमच्याच भागात, तुमच्यासारखाच माल भरणाऱ्या माणसाला विचारा. तोही "चांगलं देते" म्हणेल, तर त्याला विचारा, टाकी फुल करून परत टाकी फुल करेपर्यंत किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसलं?

पेट्रोलवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. आता पंपावर मिळतं ते बहुतेक ई-२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई-२० च्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. जुनी पेट्रोल गाडी घेत असाल तर ती ई-२० साठी बनलेली आहे का, हे आधी बघा.

बरं, आता पैसे. पुढचे आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा एकाच आकाराच्या दोन गाड्या आहेत. डिझेल ९० हजारांनी महाग. पेट्रोल १०४ रुपये, माल भरून ॲव्हरेज १४. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये ४३ पैसे. डिझेल ९१ रुपये, ॲव्हरेज १८, म्हणजे ५ रुपये ६ पैसे. फरक २ रुपये ३७ पैसे. डिझेलचं ऑइल, फिल्टर, सर्व्हिस थोडं महाग पडतं, त्याचे ३० पैसे वजा करू. उरले २ रुपये ७ पैसे.

इथे बरेच जण ९० हजारांना २.०७ ने भागून मोकळे होतात. पण ते ९० हजार खिशातून थोडेच देणार आहात? ते कर्जात जातात. ११ टक्के व्याजाने चार वर्षांत त्या ९० हजारांचे १ लाख ११ हजार होतात. त्याला २.०७ ने भागलं की जवळपास ५४ हजार किलोमीटर येतात. तेवढी गाडी पळाली की डिझेलने आपले जास्तीचे पैसे फेडले. त्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर तुमचा फायदा.

महिन्याला ३००० किलोमीटर चालवणारा दीड वर्षात तिथे पोचतो. १००० वाल्याला साडेचार वर्षं लागतात, म्हणजे कर्ज संपून गेलं तरी डिझेल अजून त्याच्याकडूनच पैसे घेतंय.

आता जुन्नर तालुक्यातल्या एका मुलाचा व्हॉइस नोट आलाय, त्याच्या परवानगीने सांगतो. घरचा टोमॅटो आहे, नारायणगावच्या मार्केटला जातो. डाउन पेमेंटसाठी दोन गाई विकायच्या ठरल्यात. आणि त्याला मोठा डिझेल पिकअप घ्यायचाय, कारण "दादा, भाडी पण मारू ना."

बघ भावा. तुझ्या सांगण्यानुसार तोड जोरात असते तेव्हा दिवसाला साठ क्रेट निघतात. क्रेटमध्ये वीस किलो माल आणि क्रेटचं वजन धरून बावीस किलो समजू. साठ क्रेट म्हणजे तेराशेच्या पुढे. सुपर कॅरी पेट्रोलची क्षमता ७४० किलोच्या आसपास, म्हणजे तेहतीस क्रेट. तुला दोन खेपा कराव्या लागतील. मार्केट तुझ्या गावापासून १२ किलोमीटर. दोन खेपा म्हणजे ४८ किलोमीटर, साधारण ३५७ रुपयांचं पेट्रोल. मोठा डिझेल पिकअप एका खेपेत नेईल. ॲव्हरेज १४ धरलं तर १५६ रुपये. दिवसाला २०० रुपये वाचले. तोडीचे ८० दिवस धरले तर वर्षाला सोळा हजार. आणि मोठी गाडी समजा तीन लाखांनी महाग पडली, तर त्या तीन लाखांचा हप्ताच महिन्याला ७,७५० च्या वर जातो. वर्षाला ९३ हजार. सोळा हजार वाचवायला ९३ हजार?

दुसऱ्या खेपेला माल उशिरा पोचतो आणि भाव उतरलेला असतो, हे तू म्हणशील, आणि ते खरं आहे. क्रेटमागे वीस रुपये जरी कमी मिळाले तरी सत्तावीस क्रेटचे ५४० होतात. ८० दिवसांचे ४३ हजार. सोळा आणि ४३ मिळून ५९ हजार झाले, तरी ९३ ला पुरत नाही.

भाड्यांनी मात्र सगळं फिरतं. आठवड्यातून तीन रात्री वाशीची खेप असेल, तर जाऊन-येऊन तीनशेच्या वर किलोमीटर, महिन्याला चार हजारांच्या घरात. तिथे डिझेलशिवाय बोलायचंच नाही. माझं म्हणणं इतकंच, की "मारू ना" हे हिशेबात धरायचं नाही. ज्या आडत्याने किंवा शेजारच्या शेतकऱ्याने "तुझीच गाडी लावतो" असा शब्द दिलाय, तेवढीच भाडी वहीत लिही. दोन गाईंचं दूध रोज येतंय, भाडं अजून यायचंय.

आणि छोटी गाडी घेऊन त्यात साठ क्रेट भरायचं डोक्यात आणू नको. ओव्हरलोडचा दंड कायद्यात २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला दोन हजार. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं ते वेगळंच.

आता डिझेलची एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. मारुतीने तेव्हा डिझेलच बंद केलं, सुपर कॅरीचं छोटं डिझेल इंजिनही त्यातच गेलं. बीएस-६ च्या बऱ्याच डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते. जाळी भरली की गाडी ती काजळी आतल्या आत जाळते, आणि त्यासाठी धूर साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापावा लागतो. रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग पळाली की काम होतं. पण शेतातून घर, घरातून सोसायटी, तिथून किराणा दुकान, अशी दोन-तीन किलोमीटरवर बंद होणारी गाडी कधी तापतच नाही. मग दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं की गाडी ताकद कमी करून चालते आणि शेवटी वर्कशॉपमध्ये न्यावी लागते. त्यामुळे शहरात गल्लीबोळात डिलिव्हरी करणाऱ्याला मी डिझेल सुचवणार नाही, रोजचे किलोमीटर ठीकठाक असले तरी.

नव्या डिझेलची पंप आणि नोझल सिस्टिम हजार बारच्या वर दाब देते, त्यामुळे कॅनमधलं पाणीमिश्रित डिझेल तिला चालत नाही. जुन्या गाड्या पचवायच्या, या पचवत नाहीत.

घाटाचं विचाराल तर माल कुठल्या दिशेला जातो ते बघा. जुन्नरकडून कल्याणला जाणारी भरलेली गाडी माळशेज उतरते आणि रिकामी चढते. तिथे इंजिनाच्या ओढीपेक्षा ब्रेक आणि खालचा गिअर महत्त्वाचा, पेट्रोल असो वा डिझेल. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या घेऊन कोल्हापूरकडे निघालेला मात्र भरलेल्या गाडीने आंबा घाट चढतो. त्याने डिझेलच घ्यावं, मी वाद घालणार नाही.

सीएनजीवर वेगळा भाग करतोय, आत्ता एवढंच. किलोमीटरचा खर्च कमी पडतो, पण सिलेंडरचं वजन तुमच्या मालातून जातं. सुपर कॅरीच्या सीएनजीची क्षमता सव्वासहाशे किलोच्या आसपास उतरते, म्हणजे खेपेला पाच क्रेट कमी. पंपावरची रांग धरा, आणि दर तीन वर्षांनी सिलेंडरची टेस्टही करावी लागते. आणि एक टनाच्या वर माल न्यायचा असेल तर निव्वळ पेट्रोल पिकअप आपल्याकडे जवळपास मिळतच नाही. तिथे प्रश्न डिझेल की सीएनजी असाच उरतो.

बुकिंगला जाताना दोन गोष्टी लिहून न्या. डीपीएफ आहे का, आणि डीईएफचं पाणी वेगळं भरावं लागतं का, लागत असेल तर किती किलोमीटरला. आणि ऑन रोड किंमत दोन्ही गाड्यांची एकाच कागदावर मागा, विमा आणि व्याजासकट. नुसत्या हप्त्याचा आकडा सांगितला तर "किती महिने?" एवढं विचाराच.

सीएनजीचा भाग पुढच्या आठवड्यात. तुमच्या गाडीचं टाकी ते टाकी ॲव्हरेज, भरलेल्या मालाच्या वजनासकट, व्हॉइस नोटमध्ये पाठवा. त्या भागात तेच आकडे घेऊन हिशेब मांडू. चला, भेटू.