वासरांना लस केव्हा द्यावी?

टोकियो शहराच्या पूर्वभागी ओजिमा नावाची वस्ती आहे. तेथे आज बरीच भारतीय कुटुंबे राहतात. त्या उंच इमारतींत गोठा कोठून असणार? परंतु जुलै २०२४ पासून जपानात हजार येनची जी नवी नोट चालू झाली, तिच्यावरील गृहस्थांचे नाव गाई पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. ते म्हणजे डॉ. शिबासाबुरो किटासाटो. धनुर्वाताचे जंतू वेगळे काढणारे म्हणून त्यांची कीर्ती आहे. पण त्याच १८८९ साली, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत, त्यांनी गुरांच्या फऱ्या रोगाचे जंतूही शुद्ध स्वरूपात वाढविले. योगायोग असा की त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात गुरांच्या रोगांसाठी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. ती पुढे १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वरला नेली गेली.

फऱ्याला आपल्या मुलखात एकटांग्याही म्हणतात. सहा महिने ते दोन वर्षे वयाचे, अंगाने भरलेले, धष्टपुष्ट वासरू सकाळी लंगडते. मांडी किंवा फरा सुजतो, दाबला की चरचर आवाज येतो, आणि एकदोन दिवसांत दावे रिकामे होते. पेनिसिलिन अगदी वेळेवर मिळाले तर एखादे वाचते. या जंतूंचे बीज मातीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणून मेलेले जनावर फाडू नये, उघड्यावर टाकू नये, खोल पुरावे.

दुसरा रोग घटसर्प. ताप चढतो, गळा सुजतो, घरघर लागते. गाईपेक्षा म्हशीला तो अधिक. दोन्ही रोग पावसाळ्यात जोर धरतात. म्हणून महाराष्ट्रात मृग लागण्यापूर्वीच, मे महिन्यात, लस टोचून घेतात आणि दरवर्षी पुन्हा टोचतात. पुण्याला औंध येथील सरकारी संस्थेत या लशी तयार होतात.

मग जन्मताच का टोचत नाहीत? वाचकहो, याचे उत्तर चिकात आहे. गाईच्या पहिल्या चिकातून वासराला आईची रोगप्रतिकारक शक्ती मिळते. ती अंगात असेपर्यंत लशीचा परिणाम नीट होत नाही. ती ओसरली की वासरू उघडे पडते. म्हणून बहुधा चार ते सहा महिन्यांचे झाल्यावर पहिली लस देतात. खरवस आम्हांलाही प्रिय आहे, परंतु पहिल्या दिवसाच्या चिकावर हक्क वासराचा. त्याचे पोट भरून उरेल तेवढाच भांड्यात घ्यावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. २०१६ साली रॉड्रिग्ज आणि मॉरिशसमध्ये जी साथ आली, ती लाळ-खुरकताची होती. तो विषाणूंचा रोग. त्याची लस निराळी. एक टोचले म्हणजे सर्व झाले, असे होत नाही. आपल्या बेटावर कोणत्या लशी हव्यात हे येथे कोणते रोग आहेत त्यावरून ठरते, आणि ते पशुवैद्यालाच विचारावे.

सर्वांत काळजीचा रोग म्हणजे सांसर्गिक गर्भपात, ब्रुसेला. गाय पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकते, वार अडकते, आणि धन्याला कळतही नाही की रोग आपल्या हाताला लागला. माणसाला महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, अशक्तपणा येतो. याची 'एस-१९' ही लस १९२३ साली एका जर्सी गाईच्या दुधात सापडलेल्या जंतूपासून आली. ते जंतू वर्षभराहून अधिक काळ प्रयोगशाळेत तसेच राहून सौम्य झाले होते. भारताच्या २०१९ च्या राष्ट्रीय मोहिमेत ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, जन्मात एकदाच, देण्याचे ठरले. गोऱ्ह्याला देत नाहीत, कारण त्याच्या वृषणांना सूज येऊ शकते; गाभण गाईलाही देत नाहीत. लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याने हातमोजे व चष्मा वापरलाच पाहिजे. लहान मुलांना वासरू धरायला लावू नये.

माणसाच्या या तापाला पूर्वी माल्टा ताप म्हणत. माल्टाही आपल्यासारखेच बेट, आणि तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात. तेथे १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी जंतू शोधला, पण तो माणसात येतो कोठून हे कळायला १९०५ साल उजाडले. थेमिस्टोक्लीस झामित यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. दुसऱ्याच वर्षी छावणीतील सैनिकांना शेळीचे कच्चे दूध देणे बंद झाले आणि ताप झपाट्याने ओसरला. दूध उकळले की हे जंतू मरतात. गाभ टाकलेल्या गाईची वार मात्र उघड्या हातांनी ओढू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये. चुना घालून पुरावी, आणि ती गाय तपासून होईपर्यंत वेगळी बांधावी.