मुंग्यांची रसद तोडा

वसईच्या वाडीत पपईच्या किंवा जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर दिसला, तर तो बहुधा पिठ्या ढेकूण असतो. त्याच फांदीवर मुंग्यांची रांगही असते. ढेकूण झाडाचा रस शोषून गोड, चिकट स्राव टाकतात. मुंग्या तो पितात आणि ढेकणांवर टपलेल्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी चढते.

हाच गोडवा एखाद्या आक्रमक मुंगीला मिळाला तर जंगलाचे रूप पालटते.

‘पिवळी वेडी मुंगी’ ही जगातल्या शंभर घातक आक्रमक प्रजातींपैकी एक. डिवचल्यावर ती सैरावैरा धावते, म्हणून हे नाव. तिला नांगी नसते. ती फॉर्मिक आम्ल फवारते. २०२२ मध्ये तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात करंदमलै जंगलालगतच्या गावांत ती गुराढोरांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचली. तिचे खरे बळ मात्र वागण्यात आहे. बहुतेक मुंग्या शेजारच्या वारुळाशी लढतात. हिच्या महावसाहतीत अनेक राण्या असतात आणि शेजारची वारुळे एकमेकांना आपलीच मानतात.

हिंदी महासागरातील ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर अशी पहिली महावसाहत १९८९ मध्ये आढळली. पुढे या मुंग्यांनी तिथले कोट्यवधी लाल खेकडे मारले. हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकले, तरी मुंग्या परत येत. मग शास्त्रज्ञांनी त्यांच्या अन्नाकडे लक्ष वळवले. गोड स्राव पुरवणाऱ्या पिवळ्या खवले किडीच्या शरीरात अंडी घालणारी मलेशियातील चिमुकली गांधीलमाशी डिसेंबर २०१६ मध्ये बेटावर सोडण्यात आली. मुंगीला हात न लावता तिची रसद तोडायची, हा त्यामागचा विचार.

घरातल्या मुंग्यांचे गणित वेगळे असते. फवाऱ्याने बाहेर फिरणाऱ्या कामकरी मुंग्या तेवढ्या मरतात, राणी वारुळात सुरक्षित राहते. साखरपाण्यात अत्यल्प बोरिक आम्ल मिसळलेले आमिष सावकाश काम करते, म्हणून कामकरी ते पोटात साठवून नेतात आणि तोंडातोंडी राणीपर्यंत पोहोचवतात. असे आमिष मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही, अशा जागी ठेवावे.

वाडीत मात्र सुरुवात ढेकणांपासून करावी. लागण झालेले शेंडे छाटून नष्ट करावेत, ढालकिडे दिसत असतील तर सरसकट कीटकनाशक टाळावे. नर्सरीतून आणलेल्या रोपाची माती आणि कुंडीचा तळ लावण्याआधी नीट तपासावा. आक्रमक मुंग्या बहुतेकदा अशाच मातीतून नव्या गावी पोहोचतात.