घरच्या संगणकाचा वेग किती असावा?

आपल्या अनेक सभासदांच्या घरी आता संगणक आला आहे. मुलांचा अभ्यास, घरचा हिशेब, पत्रव्यवहार त्यावरच चालतो. वैशाखात इंदूरचा पारा ४० अंशांवर गेला की संगणकाचा पंखा घरघरू लागतो. वीज गेली तर बॅटरी किती वेळ पुरेल, याची काळजी लागते. यावरील एक उपाय यंत्रातच आहे. तो म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचे धोरण निवडणे होय.

प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्‌झमध्ये मोजतात. हा वेग कायम एकच नसतो. कामाप्रमाणे तो क्षणोक्षणी कमीअधिक करता येतो. वेग उतरविला की विजेचा दाबही उतरविता येतो आणि खरी बचत तेथेच होते. कारण प्रोसेसर काम करीत असता लागणारी वीज वेगाच्या पटीत, पण दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा, दोन्ही १० टक्क्यांनी घटविले, तर ही वीज सुमारे २७ टक्के कमी लागेल. काम मात्र फार तर ११ टक्के लांबेल.

लिनक्स प्रणालीत या धोरणांना नावे आहेत. ‘परफॉर्मन्स’ वेग कमाल ठेवते, ‘पॉवरसेव्ह’ किमान ठेवते, तर ‘ऑनडिमांड’ व २०१६ साली आलेले ‘शेड्युटिल’ ही भार पाहून वेग ठरवितात. विंडोजमधील ‘बॅलन्स्ड’ हा पर्यायही याच मधल्या जातीचा.

तथापि केवळ नावावर जाऊ नये. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांवर ‘पॉवरसेव्ह’ निवडले तरी वेग भाराप्रमाणे वाढतोच. शिवाय मंद चालणे म्हणजे नेहमीच काटकसर नव्हे. काम रेंगाळले तर पडदा व इतर भाग तितका वेळ वीज खातात. उलट ते झटपट उरकून प्रोसेसर विसावला तर पुष्कळदा लाभच होतो.

म्हणून आम्ही असे सुचवितो की, नित्याच्या वापरास मधले धोरण ठेवावे. चित्रफितीच्या संपादनासारखे जड काम असेल तेव्हाच कमाल वेग घ्यावा व काम संपताच पूर्ववत करावे. वीज गेली असता काटकसरीचे धोरण निवडावे. शंका वाटल्यास तेच काम दोन्ही धोरणांवर करून, लागलेला वेळ व उरलेली बॅटरी वहीत टिपून ठेवावी. आपल्या यंत्रापुरता निर्णय त्या वहीवरूनच करावा.