माल आपला, गोदाम परक्याचे

गोदाम भाड्याने घेताना शहाणा व्यापारी आधी एकच गोष्ट पाहतो : कुलपाची किल्ली कोणाकडे राहणार? संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक मात्र हा प्रश्न क्वचितच विचारतात. २०२० साली एका प्रकरणाने तो साऱ्या जगापुढे आणला. त्याकडे आमच्या व्यापारी वाचकांचे लक्ष वेधणे आम्हाला अगत्याचे वाटते.

‘यूट्यूब-डीएल’ नावाची एक आज्ञावली आहे. इंटरनेटवरील चित्रफीत आपल्या संगणकात उतरवून घेणे हे तिचे काम. ती कोणा कंपनीची नाही. अनेकांनी हातभार लावून ती घडविली आणि सर्वांना मोफत दिली. पत्रकार व मानवी हक्कांचे कार्यकर्ते पुराव्याच्या चित्रफिती जपण्यासाठी तिचा उपयोग करतात. तिचा सारा कारभार ‘गिटहब’ या अमेरिकन कंपनीच्या जागेवर चाले. ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसातशे कोटी डॉलरला विकत घेतली आहे.

२३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने गिटहबला नोटीस दिली. १९९८ च्या अमेरिकन कायद्यानुसार कृतींवरील संरक्षक कुलूप तोडण्याचे साधन पुरविणे गुन्हा आहे आणि ही आज्ञावली तसेच साधन आहे, असा तिचा आरोप होता. आज्ञावलीच्या चाचण्यांत काही प्रसिद्ध गाण्यांचे पत्ते होते. तेही पुरावा म्हणून दाखविण्यात आले. गिटहबने दरवाजा बंद केला. नक्कल झाल्याच्या साध्या तक्रारीला उत्तर देण्याची रीत त्या कायद्यात सांगितली आहे. कुलूप तोडल्याच्या तक्रारीला तशी ठरलेली रीत नाही. त्यामुळे आज्ञावली सांभाळणाऱ्यांची बाजू अधिकच लंगडी पडली.

गायक व कंपन्यांचा आपल्या मालावरील हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु सुरीने गुन्हा घडू शकतो म्हणून लोहाराचे दुकान बंद करावे काय, हा प्रश्न उरतोच.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आज्ञावलीचा मजकूर बुडाला नाही. ‘गिट’ या पद्धतीत काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ साऱ्या इतिहासासह पूर्ण प्रत असते. ही पद्धतही अशाच एका अडचणीतून जन्मली. लिनक्सचे कारागीर २००२ पासून एका खाजगी कंपनीचे साधन मोफत वापरीत होते. २००५ मध्ये कंपनीने ती सवलत काढून घेतली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांतच गिट उभे केले. मात्र ग्राहकांच्या तक्रारी, दुरुस्त्यांच्या सूचना, त्यांवरील चर्चा, म्हणजे धंद्याची खरी वही, गिटमध्ये नसते. ती गिटहबच्या जागेवर होती आणि कुलपाआड गेली.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या वकिलांनी कारागिरांची बाजू मांडली. आज्ञावली कोणतेही कुलूप तोडत नाही, असे त्यांनी पत्राने कळविले. वादग्रस्त चाचण्या बदलण्यात आल्या. १६ नोव्हेंबर २०२० रोजी गिटहबने दरवाजा उघडला, अशा तक्रारी पुढे तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचे जाहीर केले आणि कारागिरांच्या कायदेशीर बचावासाठी १० लाख डॉलरचा निधी ठेवला. तथापि प्रकरण तेथेच संपले नाही. या आज्ञावलीच्या संकेतस्थळाला जागा देणाऱ्या जर्मन कंपनीविरुद्ध २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने निकाल दिला. म्हणजे मालकाला हात न लावताही जागा देणाऱ्याला गाठता येते.

सुमारे साडेतीन आठवड्यांत कुलूप निघाले, कारण वकील मिळाले आणि जगभर ओरड झाली. लहान दुकानदाराच्या वाट्याला यातले काय येणार?

आज आमच्या अनेक बांधवांची विक्री, गिऱ्हाइकांची यादी व उधारीचा हिशेब परक्याच्या ॲपवर आहे. सोय आहे, म्हणून वापरावी. पण गिऱ्हाइकांचे नाव-पत्ते दर महिन्याला आपल्या वहीत उतरवावेत, हिशेबाची प्रत घरी ठेवावी, दुकानाचे इंटरनेटवरील नाव स्वतःच्या नावे नोंदवावे आणि ॲपच्या करारात खाते बंद करण्याचे कलम कोणते, ते आधी वाचावे. भाड्याच्या गोदामात माल जरूर ठेवावा, वही मात्र आपल्या गल्ल्यातच असावी.