नखावरची रेघ

डोंबिवली स्टेशनबाहेरची टपरी. एका हातात कटिंग, दुसऱ्यात सिगारेट. लोकल यायला सात-आठ मिनिटं आहेत. तेवढ्यात सिगारेट संपते आणि ती धरणाऱ्या बोटांची टोकं गार पडू लागलेली असतात. चहाचा ग्लास गरम असतो, म्हणून ते कळत नाही.

झुरक्यातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. अ‍ॅड्रिनलिन सुटतं, त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. बोटांच्या टोकांशी त्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे फटका तिथे जोरात बसतो. जे रक्त पोचतं, त्यातही प्राणवायू कमी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसतो. अशा हिमोग्लोबिनलाही तो प्राणवायूने भरलेलं समजतो आणि आकडा चांगला दाखवतो.

कल्याणच्या बाजारात माल उतरवणाऱ्या हमालाच्या कानामागे बिडी खोचलेली दिसते. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातल्या तेंदूच्या पानात गुंडाळलेली. तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, म्हणून ती सौम्य, असा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. तेंदूचं पान नीट जळत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात.

यातूनच पुढे येतो बर्जर आजार. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत गुठळ्या होतात. रुग्ण बहुतेक पंचेचाळिशीच्या आतले, तंबाखू घेणारे पुरुष. आधी चालताना पोटऱ्या-तळवे दुखतात, मग बोट निळसर-काळं पडतं, नखाशेजारची जखम भरत नाही, आणि शेवटी बोट कापावं लागतं. कमावत्या माणसाचं बोट जातं तेव्हा घराची चूलही हादरते.

भारताचे शेवटचे ब्रिटिश सम्राट सहावे जॉर्ज सिगारेटचे भारी व्यसनी होते. पायाचा रक्तपुरवठा इतका खालावला, की १९४९ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

बर्जरवरचा खात्रीचा उपाय एकच: तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक-दोन बिड्याही आजार धगधगत ठेवतात. वेळेत सोडणाऱ्यांची बोटं बहुतेक वाचतात. मात्र बंद पडलेली वाहिनी पुन्हा मोकळी होईलच असं नाही, म्हणून उशीर महागात पडतो.

बोटांवरचा पिवळा डाग मुख्यतः डांबराचा. व्यसन एकदम सुटलं, की नखाच्या मुळाशी स्वच्छ, गुलाबी पट्टा उगवतो आणि वर पिवळं नख उरतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. गुलाबी पट्टा सहा मिलिमीटरचा झाला असेल, तर टपरीवरची ती शेवटची सिगारेट विझून दोन महिने झाले.